सरळकाका आणि एका बोटाचा फरक

भिंतीवर जड वस्तू टांगणं हा धंदा असू शकतो, यावर सरळकाकांच्या सासऱ्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. जावई काय करतात, असं कोणी विचारलं की ते "फ्रेमच्या दुकानात असतात" एवढं सांगून विषय हवापाण्यावर नेत. पण शहराच्या आमच्या भागात ज्याच्याकडे म्हणून भिंत होती आणि त्या भिंतीवर मिरवण्यासारखं काही होतं, त्याच्याकडे काका एकदा तरी शिडी घेऊन जाऊन आले होते. वकिलांच्या सनदा, दवाखान्यातले पदवीदानाचे फोटो, हमालांनी जिन्यावरून शिव्या देत चढवलेले आरसे, आणि अर्थात गेलेले आजोबा. माणूस जिवंत असेपर्यंत घरात त्याच्याशी कोणी सरळ वागेलच असं नाही. पण गेल्यावर त्याची तसबीर केसभर कललेली चालत नाही. काकांचा निम्मा धंदा या एका मनुष्यस्वभावावर उभा होता.

सरळकाका हे नाव त्यांना कोणी दिलं, ते सांगता येत नाही. त्यांनी स्वतःच दिलं असावं, अशी काकूंना दाट शंका आहे.

काम मात्र बघत राहावं असं. आधी बोटाच्या पेराने भिंतीवर ठकठक करत फिरायचं, कान अगदी जवळ नेऊन. डॉक्टर रोग्याच्या पाठीवर करतात तसंच. फरक इतकाच की "मी सिगारेट ओढत नाही" असं भिंत खोटं सांगत नाही. कुठे वीट आहे, कुठे पोकळ आहे, कुठे जुन्या खिळ्याचं भोक बुजवून वर रंग फासलाय, हे कळलं की पेन्सिलची खूण. जड फ्रेम एका खिळ्यावर टांगणाऱ्याला ते माणसात धरत नसत. दोन हुक, दोन्ही भोकांत ठोकून बसवलेली लाकडी गिट्टी, मागे पीळ दिलेली तार, खालच्या कोपऱ्यांना बनातीचे तुकडे. एवढं झालं की खाली उतरून समोरच्या भिंतीला पाठ टेकायची, मान डाव्या खांद्यावर कलती करायची आणि एक डोळा बारीक करून बघायचं. मग पुन्हा वर चढून फ्रेमच्या कोपऱ्याला नखाने हळूच टोकायचं. काम संपलं.

बुडबुड्याची पट्टी, जिला गवंडी आणि सुतार पाणसळ म्हणतात, ती त्यांच्या पिशवीत कधीच नव्हती. उमेदवारीच्या दिवसांत दुकानमालकांची पाणसळ त्यांच्या हातून पडून फुटली, आणि बोलणी बसू नयेत म्हणून त्यांनी एक अजस्र फ्रेम नुसत्या नजरेने लावून टाकली. मालकांनी शेजाऱ्याची पाणसळ मागून आणली आणि लावून पाहिली. बुडबुडा मधोमध. त्या दिवसापासून पाणसळ वापरणाऱ्याकडे काका, धडधाकट माणूस काठी टेकत चालताना दिसावा, तसे बघत.

लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं काकूही कामावर बरोबर जात. हमाल परवडत नव्हता हे खरं कारण. नवं जोडपं आहे, फिरतंय, हे घरी सांगितलेलं. काका शिडीवर, काकू समोरच्या भिंतीपाशी. मिलिमीटर वगैरे काकूंनी कधी मान्य केले नाहीत. त्या "तीळभर खाली" म्हणत, "गहूभर वर" म्हणत. फारच चुकलं असेल तर "एक बोट", आणि हे "एक बोट" अशा आवाजात निघे की शिडीवरचे काका निमूटपणे कान पाडत. पुढे मुलं झाली, काकू घरी राहिल्या आणि तीळ-गहू आपापल्या डब्यांत परत गेले.

काकांनी साठी ओलांडली आणि त्यांच्या मानेने आपला निर्णय जाहीर केला. आयुष्यभर डाव्या खांद्याकडे झुकवली, ती आता तिथेच राहायला लागली. डॉक्टरांनी पट्टा दिला. "मी काय पाळलेला आहे का," म्हणत काकांनी तो घरी खुंटीला अडकवला. तो नीट ओळंब्यात लोंबतोय ना, एवढं मात्र त्यांनी मागे सरून पाहून घेतलं.

त्याच सुमारास घरात एक मुकं भांडण सुरू झालं. बाहेरच्या खोलीतल्या तसबिरींची डावी बाजू काकूंना वर गेलेली दिसे. दुपारी त्या सगळ्या सारख्या करून ठेवत. संध्याकाळी काका येत आणि चपला काढायच्या आधी त्या पुन्हा आपल्या परीने सरळ करत. काकांच्या मते रस्त्यावरून जाणाऱ्या अवजड गाड्यांनी भिंती हादरत होत्या. काकू ते ऐकून घेत आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तसबिरींकडे वळत. नवऱ्याला काही गोष्टी सांगायच्या तर त्यांची वेळ यावी लागते, इतपत संसार त्यांचा झाला होता.

ती वेळ टेलरबाईंनी आणली. बायकांचे कपडे शिवणाऱ्या या बाईंनी नवी, ऐसपैस जागा घेतली होती आणि तिथे कपडे घालून बघण्यासाठी एक आरसा बसवून घेतला होता. जाड लाकडी चौकट, पुरुषभर उंची, आणि तिघी शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी रुंदी. लावला अर्थात काकांनी: खाली दोन लोखंडी अँगलवर टेकवलेला, वर स्क्रूने धरलेला. बाई खूश होत्या. मग गिऱ्हाइकं सांगायला लागली की घेर एका बाजूला उतरलाय. बाईंनी उसवून पुन्हा शिवलं. तरी उतरलेलाच. कोणाच्या कमरेत दोष निघाला, कोणाच्या चपलांत. शेवटी बाई स्वतः पायघोळ झगा घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या ध्यानात आलं की झग्याची कड जागेवर आहे; चढलेली आहे ती आरशाच्या चौकटीची खालची कड. आणि बाया आपला घेर तिच्याशीच ताडून बघत होत्या.

बाईंनी काकांना बोलावून घेतलं. काका समोर उभे राहिले, मान होती तशी डावीकडे. आरशात मागचं दार दिसत होतं. आरशाची चौकट आणि आरशातलं दार यांचं आपसात पटत नाही, हे काकांनाही दिसलं. त्यावरून कोणीही जो निष्कर्ष काढेल, तो मात्र त्यांनी काढला नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं दार वाकडं बसलंय."

दार बसवणारा सुतार दोन दुकानं पलीकडेच होता. काकांचा जुना दोस्त. रोजचा चहा दोघांचा एकत्र आणि तोंडाला तोंड देणंही एकत्र. तो रंधा ठेवून आला. दाराला पाणसळ लावली. ठीक. जमिनीवर ठेवली. ठीक. मग तो नुसता उभा राहिला. काकांनीच हाताने आरसा दाखवला. आरशाच्या कडेवर पाणसळ ठेवल्याबरोबर बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

काकांची टर उडवायची ही आयुष्यात एकदाच यावी अशी संधी होती. सुताराने ती घेतली नाही. पाणसळ शर्टाला पुसत, सध्या हवेत ओल फार आहे, लाकूड फुगतं, असं काहीतरी तो पुटपुटला. वाकड्या आरशापेक्षा काकांना ही माया जास्त झोंबली.

टेलरबाई व्यवहाराच्या पक्क्या. शनिवारी गायनवृंदातल्या सगळ्याजणी नवे पायघोळ पोशाख चढवून बघायला येणार होत्या, तिघी-तिघी एका रांगेत, ह्याच आरशासमोर. तोवर आरसा सरळ हवा. लावला काकांनी, तेव्हा पहिला हक्क त्यांचा. शुक्रवारपर्यंत ते आले नाहीत तर काम सुताराकडे. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्यामुळे त्या पुढचं बोलल्या नाहीत, पण पुढचं सगळ्यांना कळलं. आरसा सुताराने सरळ केला की दुसऱ्या दिवसापासून आजोबाही सुतारच टांगणार होता.

काका घरी येऊन भिंतीकडे पाठ करून बसले. शिडी कोणाला तरी देऊन टाकू, असं एकदा म्हणाले. मुलीचा फोन आला; लेझरचं यंत्र मिळतं, भिंतीवर आपोआप लाल रेघ पडते, अगदी कोणालाही जमतं, असं तिने उत्साहाने सांगितलं. "कोणालाही" या शब्दाला काकांनी फोन काकूंच्या हातात दिला.

गुरुवारी जेवणं झाल्यावर काकू समोर येऊन बसल्या.

"बाहेरच्या खोलीतले फोटो मी रोज दुपारी सरळ करते."

"गाड्यांमुळे हलतात ते."

"गाड्यांमुळे नाही, तुमच्यामुळे. वर्ष झालं बघतेय. रोज डावी बाजू एक गहू वर. एकदाही तीळ नाही, एकदाही दोन गहू नाहीत."

"वर्षभर? आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

काकांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला आणि समोरचं ताट बाजूला सरकवलं.

"स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे," काकू म्हणाल्या. "किती वर्षं झाली. आपली एक तरी गाडी चुकली?"

"घड्याळाचं वेगळं असतं."

"काही वेगळं नसतं. ते आज दहा आणि उद्या वीस मिनिटं पुढे गेलं असतं तर मीच भंगारात दिलं असतं. तुमची नजर गेलेली नाही हो. ती थोडी सरकलीय, आणि सरकून पुन्हा घट्ट बसलीय. हातभर फोटोला एक गहू. तो आरसा केवढा आहे?"

काकांनी दोन्ही हात पसरून दाखवले, तरी पुरले नाहीत.

"म्हणजे एक बोट," काकू म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या.

शुक्रवारी काकू किती तरी वर्षांनी कामावर निघाल्या. टेलरबाईंच्या दुकानात दोन हमाल आधीच आलेले होते. सुतारही होता, आपला मोजपट्टीचा टेप इथे राहिलाय का बघायला आलोय, असं त्याने सांगितलं, आणि पाणसळ अर्थातच चुकून पिशवीत आली होती. काकांनी एकच अट घातली. ते सांगेपर्यंत ती पिशवीतच राहील.

आरसा त्यांनी पूर्ण उतरवायला लावला. चुकलेलं काम टोकून टोकून सुधारणं त्यांना मंजूर नव्हतं. जे करायचं ते पहिल्यापासून. जुनं काही डोळ्यांत राहू नये म्हणून अँगलही सैल केले. मग आरसा पुन्हा टेकवला, समोर गेले, बघितलं, परत आले, तसूतसूने हलवलं. डोळ्यांना पटलं तेव्हा अँगल आवळले आणि हात झटकून म्हणाले, "हं. मला सरळ."

भिंतीवर पहिल्या वेळेची पेन्सिलची खूण होती. चौकट तंतोतंत तिच्यावर येऊन थांबली होती. सुतार पुढे वाकला, खूण बघितली, आणि त्याच्या भुवया वर गेल्या त्या बऱ्याच वेळाने खाली आल्या. दुसऱ्यांदा तेवढंच चुकून दाखवणं त्यालाही जमलं नसतं.

"आता उजवी बाजू एक बोट वर," समोरच्या भिंतीपासून काकू म्हणाल्या. आवाज जुनाच.

हमालांनी उजवी बाजू उचलून धरली. काकांच्या हातात लाकडी पाचर होती, त्यांनीच तासून आणलेली. ती अँगल आणि चौकट यांच्यामध्ये सारायची, एवढंच काम. आणि तिथेच त्यांचा हात थांबला. लोकांनी वाकडी लावलेली चित्रं सरळ करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता डोळ्यांना चोख सरळ दिसणारा आरसा आपल्याच हाताने वाकडा करायचा होता, तोही बायकोच्या शब्दावर, तोही सुतारासमोर. टेलरबाईंनी कात्री खाली ठेवली. शेवटी बोलले ते हमाल. काका, विचार नंतर करा, इथे हात गळायला लागलेत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

काकांनी पाचर सारली. वरचे स्क्रू आवळले. मग काकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"वाकडा दिसतोय," ते म्हणाले.

"किती?"

"एक बोट. सगळं एक बोट."

"मग बरोबर आहे."

काकांनी सुताराकडे न बघता हात हलवला. पाणसळ पिशवीतून बाहेर आली आणि आरशाच्या कडेवर बसली. बुडबुडा डावीकडे डुलला, उजवीकडे डुलला आणि दोन रेघांच्या मधोमध येऊन गप्प झाला. टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. काका पुढे झाले, चष्मा वर करून त्यांनी बुडबुडा नीट न्याहाळला आणि पाणसळ सुताराच्या हातात परत देत म्हणाले, "चांगली आहे तुझी. सांभाळून वापर."

शनिवारी गायनवृंद येऊन गेला. तिघी-तिघी करून सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या, दर वेळी पोशाखांच्या कडांची एकच ओळ आरशाच्या कडेवरून गेली. बाह्यांवरून वाद झाला, गळ्याच्या खोलीवरून झाला, रंग ज्यांनी निवडला त्यांच्यावरून तर फारच झाला. आरशाबद्दल एक अक्षर कोणी काढलं नाही. आरशाच्या बाबतीत याहून मोठी दाद नसते.

सोमवारी काका शिडी घेऊन पुन्हा बाहेर पडले, काकूंना बरोबर घेऊन. वर्षभरात लावलेलं एकूण एक काम त्यांनी गाठलं; कोणी बोलावलेलं नसताना. बऱ्याच ठिकाणी लोक म्हणाले की अहो काका, आम्हाला तर काहीच दिसलं नव्हतं. तो तुमचा प्रश्न, असं म्हणून काका शिडी लावत. काकू समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहत आणि फ्रेमच्या आकाराप्रमाणे गहू किंवा तीळ सांगत.

वकिलांच्या कचेरीत सनद सारखी करून झाली, तेव्हा वकील उलटतपासणीच्या सुरात म्हणाले, "म्हणजे गेलं वर्षभर तुम्ही शहरात सगळीकडे वाकडं लावत होतात, हे तुम्हाला कबूल आहे?"

"कबूल आहे," काका शिडीवरूनच म्हणाले. "पण सगळीकडे एकसारखं. एका घरात तरी तिळाचा फरक काढून दाखवा."

वकिलांनी साक्षीदार म्हणून काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली. फरक नव्हता.