आठ भोकं, आठ कॅमेरे

चूक दत्तूमामाची. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात मोठ्यांच्या चुकीला अनुभव म्हणतात.

इकडे कन्नड मुलखात, अग्रहारात, मामाचं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं दुकान आहे. इंजिनियरिंग मधेच सोडल्यापासून मी तिथेच असतो. केबलचे उरलेले तुकडे कोपऱ्यात साठतात ना, तसे मामाचे किस्से साठलेत. कामाचे नाहीत, पण टाकवतही नाहीत.

आमच्या कॅमेऱ्याला एकच केबल जाते. तिच्यातूनच करंट जातो आणि तिच्यातूनच चित्र येतं. करंट देणारा डबा म्हणजे स्विच. तो योग्य निवडणं हीच सगळी विद्या. मामा तो हातात घेऊन नारळासारखा वजनावर निवडतो.

मेटगळ्ळीच्या एका कारखान्याचं काम आलं तेव्हा मामाने मला शब्द दिला होता. काम नीट उतरलं तर तिथलं वर्षाचं मेंटेनन्स माझ्या नावावर. माझं स्वतःचं असं पहिलंच काम.

*

त्याआधी बन्नूरला एका गुऱ्हाळावर गेलो होतो. ही केबल शंभर मीटरपर्यंतच भरवशाची. मामाने अंतर नजरेने मापलं आणि केबलला केबल जोडत पार उसापर्यंत नेली. कॅमेऱ्याचा दिवा लागला, चित्र येईना.

मालकाने विचारलं तर मामा म्हणाला, "नवीन आहे, लाजतोय."

मी मधे एक एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारा छोटा डबा, बसवला. चित्र आलं. मामा मालकाला म्हणाला, "बघा, बोललो नव्हतो?"

*

एकदा मामाने वायफायच्या जुन्या डिशचा अ‍ॅडॉप्टर कॅमेऱ्याला जोडला. कॅमेरा ढिम्म. मला मात्र हे असं का होतं, यातच मजा वाटायची. चांगला स्विच आधी कॅमेऱ्याला विचारतो, तुला किती हवं? उत्तर आलं की तेवढंच देतो. हा अ‍ॅडॉप्टर काही न विचारता आपला ठराविक करंट ओततो, मग तो समोरच्याला पुरो न पुरो.

हे मी समजावत होतो. मामी डबा घेऊन आली होती, ती ऐकत उभी राहिली.

"अय्यो, मग यांच्यासारखाच की," ती म्हणाली. "तीस वर्षांत मला एकदा तरी विचारलंय?"

*

मेटगळ्ळीला आठ कॅमेरे. सात साधे आणि गेटवरचा गरगर फिरणारा, म्हणजे खादाड. मामाने आठ पोर्टचा स्विच आणला. "आठ भोकं, आठ कॅमेरे. मुगीतु." म्हणजे विषय संपला.

मी म्हटलं, मामा, भोकं मोजू नका, वॅट मोजा. डब्यावर एकूण साठ लिहिलेत. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे आतले दिवे लागतात, तेव्हा सगळ्यांची भूक वाढते. साठ पुरणार नाहीत.

आमचे जुने लोक रंगारी. मामा त्याच गुर्मीत म्हणाला, "हौदात कापड जास्त झालं तर रंग फिका बसतो. पण सगळ्यांना बसतो. सुम्ने बस."

गप्प बसलो. पण स्विच काही हौद नाही. कमी पडलं की तो सगळ्यांचं थोडं थोडं कापत नाही, शेवटच्याला सरळ उपाशी ठेवतो. आणि मामाने शेवटच्या भोकात गेट लावलं होतं.

*

संध्याकाळी मॅनेजर काम ताब्यात घ्यायला आला. स्क्रीनवर आठही चित्रं लख्ख. मामा हात मागे बांधून, मीच उभारलं सगळं, अशा थाटात. बाहेर अंधारलं, कॅमेऱ्यांचे दिवे लागले आणि गेट काळं पडलं.

मॅनेजरने कन्नडमधे विचारलं, हे काय?

मामा म्हणाला, "सार, रात्री गेट बंदच असतं की. बघायचं काय त्यात?"

मॅनेजर हसला नाही. स्विच कोणी निवडला, म्हणाला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने.

"आमचा भाचा, सार. इंजिनियरिंग अर्धंच झालंय."

मेटगळ्ळीचं मेंटेनन्स दुसऱ्या दुकानाला गेलं.