पाठमोऱ्या विनोदिनीबाई

हिंदी मुलखातल्या तात्यापारा या मराठी वस्तीत संस्कृती टिकून आहे ती दोघांच्या जिवावर: एक देव आणि दुसऱ्या विनोदिनीबाई. देवाला अधूनमधून डुलकी लागते, बाईंना नाही. कोणाच्या गणपतीपुढचे मोदक बाजारचे होते, कोणाची सून मंगळागौरीला जीन्सवर आली, सगळं बाईंच्या जिभेवर. मराठी महिला मंडळाची अध्यक्षपदाची खुर्ची त्यांच्याकडे, आणि त्या खुर्चीवर डोळा गोदूबाईंचा.

यंदा कोजागिरीच्या आटीव दुधाबरोबर बाईंनी फर्मान काढलं. "ते हॅलोविन आपल्यात नाही चालणार. ज्या घरी भोपळ्याले डोळे कोरतील, त्या घरचं कुंकू मी लावणार नाही. शब्द मोडला तर खुर्ची सोडीन!"

गोदूबाईंनी दुधाचा पेला खाली ठेवला. असं सोन्यासारखं वाक्य रोज कुठे कानावर पडतं?

आणि महिना संपता संपता बाई चौबे कॉलनीत मुलाकडे, नीलेशकडे गेल्या, तर बैठकीत भोपळा दात विचकून बसलेला! समोर टीव्ही लावून नात गंधाली.

"काय पाहून राहिली वं पोट्टे?"

"भूत वाली मूवी, आजी. सब मिट्टी के पुतले हैं. ज़रा-ज़रा हिलाके फोटो खींचते हैं, तब चलते हैं."

"मी नाही पाहत असले थेर."

बाई टीव्हीकडे पाठ करून बसल्या, पिशवीतून कापूस काढून वाती वळू लागल्या. पवित्रा मोठा बाणेदार. फक्त समोर काचेचं शोकेस होतं आणि त्या काचेत अख्खा टीव्ही लख्ख दिसत होता. आता काचेला कोण काय करणार?

पडद्यावर मातीच्या म्हातारीनं स्वतःचं मुंडकं उतरवलं, मांडीवर घेतलं आणि फणी काढली. बाईंच्या हातातली फुलवात निरांजनाऐवजी पलित्याला शोभेल एवढी झाली.

"ही डाव्या हातानं काहून विंचरून राहिली?" बाईंच्या तोंडून निसटलं.

"राइट से कर रही है, आजी... एक मिनट! आप काँच में देख रही हो?"

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. गोदूबाई! तात्यापाऱ्यातून थेट इथे, आणि म्हणे सहज आले. त्यांची नजर भोपळ्यावर गेली, मग टीव्हीवर, मग शोकेसवर.

"काय हो अध्यक्षीणबाई, हा कोण्या देवाचा प्रसाद?"

बाई क्षणभर मातीच्या झाल्या. पण मुरलेली बाई ती!

"नीलेश! भोपळ्याले पहिला सुरा कोणं लावला?"

"मीच, आई. तुझी सून शर्मिष्ठा म्हणे, आमच्यात बाईनं अख्खा भोपळा कापू नये."

"ऐकलं? पहिला घाव गड्याचा! सगळं रीतीनं झालं. रीतीनं कापला तो भोपळा हॅलोविनचा कसा?"

गोदूबाईंनी भांडायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. पडद्यावर म्हातारीचं मुंडकं मांडीवरून घरंगळलं होतं आणि ती ते पलंगाखाली चाचपडत होती.

"टीव्हीकडे पाहू नका, गोदूबाई. आपल्यात नाही ते," असं म्हणत बाई सोफ्यावर जराशा सरकल्या.

गोदूबाईंनी टीव्हीला पाठ दाखवली, शोकेससमोर नीट बैठक मारली आणि हात पुढे केला.

"थोडा कापूस मले बी द्या."