जुनी पट्टी, नवी पट्टी

दुपारी पडदे ओढले की मीनाक्षीताई लग्नाला जायच्या. गोल बाजारातल्या एका स्टुडिओतून पेनड्राइव्ह यायचा आणि कुणाची तरी हळद, वरात, पाठवणी त्यांच्या मागच्या खोलीत उतरायची. अल्बमची पानं जुळवणं हे त्यांचं काम. पण हल्ली फोटो फार जड यायला लागले होते. कॉम्प्युटर मध्येच अडकायचा. नवरीचा चेहरा कपाळापासून नाकापर्यंत उमटायचा, खाली नुसतं राखाडी. मग ताई गालाला हात लावून बसायच्या. ओठ दिसेपर्यंत त्या मांडवभर फिरून यायच्या, कुणा अनोळखी मावशीशेजारी बसून तिच्या वेणीतल्या शेवंतीचा वास घ्यायच्या.

रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान उदयराव खोली मोजायची टेप घेऊन दारात उभे राहायचे.

"हे खटारं बंद पडू दे, इथं दिवाण टाकतो. मले दुपारी पाठ टेकायले जागा नाही या घरात."

"अख्खा पलंग आहे की तुम्हाला."

"तिथं ऊन येते."

कॉम्प्युटर अडकू नये म्हणून सून गंधालीने ऑफिसातून येताना रॅमची, म्हणजे मेमरीची, नवी पट्टी आणली. "जुनी पण राहील, आई. शेजारच्या खाचेत ही बसवू. फक्त जुनीची चाल धीमी आहे, तर नवीलाही तिच्याच चालीनं चालावं लागेल."

"सासूसोबत बाजारात निघाल्यासारखं."

"हव!" गंधाली हसली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. विळी, शिलाई मशीन, गंधालीची स्कूटी, सगळ्यांची पूजा झाली. नवी पट्टीही पूजेच्या ताटातच ठेवली होती. ताईंनी ओल्या बोटाने तिलाही हळदकुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं.

संध्याकाळी गंधालीने पट्टी बसवली. कॉम्प्युटर नुसता पीप पीप करत राहिला, स्क्रीन काळीच. नवी काढली, तर मुकाट चालू झाला.

"जुन्या-नव्याचं जमत नसते," उदयराव खुशीत म्हणाले. "मी काय सांगून राहिलो? काहून जीव काढतं त्याच्यापायी? कळव स्टुडिओवाल्याले, आता होत नाही म्हणून. उद्या सुताराले बोलावतो."

"कंपनी वेगळी आहे ना, आई. कभी-कभी नहीं जमता," गंधाली हळूच म्हणाली. "मी परत करून येते."

दुसऱ्या दुपारी ताई पट्टी डबीत ठेवायला गेल्या. पडद्याच्या फटीतून उजेडाची तिरीप आली होती. पट्टीच्या खालच्या कडेला, खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांची ओळ, आणि त्या ओळीवर, नवरीच्या भांगात असावी तशी, लाल रेघ.

ताईंनी कालचं कुंकवाचं बोट त्या रेघेवर ठेवून बघितलं. मग त्यांनी खोडरबर आणला. सोन्याला उजाळा द्यावा तसे दात पुसले, फुंकर घातली. प्लग काढून, गंधालीने केलं होतं तसंच, पट्टी जुनीच्या शेजारी दाबली. टक्.

प्लग लावून बटण दाबलं, स्क्रीन उजळली. नवरीचं कपाळ आलं, नाक आलं, आणि न थांबता ओठ, हनुवटी, गळ्यातली काळी पोत. पुढच्या फोटोत तिची आई. तिच्यामागे सनईवाला डोळे मिटून.

"याच खोलीत टाकायचा दिवाण," मागून उदयरावांचा आवाज आला. सोबत सुतार होता.

ताईंनी मान वळवली नाही. नुसता हात वर केला. "जरा थांबा हो. पाठवणी चालू आहे."

उदयरावांनी स्क्रीनकडे बघितलं, टेप गुंडाळली.

"चलो भैया," ते आवाज खाली आणून म्हणाले, "हॉल में देखते हैं."