मावशीच्या ताटातली रासबेरी

भिशीवाल्या मावशीच्या ताटात पहिला घास आंबट फळाचा. तो गिळल्याशिवाय ती भात वाढायची नाही. करवंद, जांभूळ, बोर. हंगामात मिळेल ते. कोणी कुरकुरलं तर म्हणायची, "नखरं आयसला दाखव, इथं गिल."

भिवंडीत लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कामगारांच्या खानावळीला भिशी म्हणतात. मावशीची तिथल्याच टेमघर भागात होती. मी नववी सोडून महाबळेश्वरच्या बाजूच्या गावातून आलेलो. दोन हजार तीन-चारचा सुमार. आमच्यात फळाची धास्ती होती. फळ विकत आणून खाणारा म्हणजे आजारी, आजारी म्हणजे टीबी, आणि टीबी म्हटलं की मुकादमाने त्याची ड्युटी बंद केलीच. मावशीच्या ताटातलं सोडलं, तर साधं केळंही आम्ही लपून खायचो.

त्या उन्हाळ्यात मला चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. गोळ्या घे, पालेभाजी खा आणि बरोबर आंबट फळ खा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागेल. फोनवर आईला सांगितलं, तर तिने गावच्या ड्रायव्हरबरोबर डबाभर रासबेरी धाडली. मी डबा गोधडीत दडवला. मावशीने वासावरून हुडकून काढला.

"खातात कशी रं ही?"

"नुसती. नाहीतर दह्यात साखर घालून. आई मीठ-मिरची लावून भाकरीबरोबर देते. बारीक बिया असतात, पोट साफ राहतं."

"मंग गोधडीला कशाला चारतोस?"

दुपारी तिने लाल माठाच्या भाजीशेजारी सगळ्यांना रासबेरी वाढली. मुकादम आमच्याच पंगतीला असायचा. असलं फळ त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, ये किसकी दवाई है? कौन बीमार है इधर?"

मावशीने त्याच्या ताटात मूठभर टाकली. "पयला खा, मंग इचार."

"मैं अपने लोग दूसरी भिशी में बिठाऊंगा."

"बसव."

तो उठला. अर्धी पंगत त्याच्यामागे उठली. मीही उठत होतो. मावशीने खांदा दाबला. "तू बस."

दुसऱ्या दिवशी मुकादमाने लूमपाशी गाठलं. "तू बीमार है क्या?" मी म्हणालो, "खून कम था. दवा चालू है. लूम चलाके दिखाऊं?" तो बाजूला झाला. माझं काम टिकलं.

मावशीच्या अर्ध्या जागा मात्र कितीतरी दिवस रिकाम्या होत्या. एकदा भीतभीत म्हणालो, "मावशी, माझ्यापायी तुझं नुकसान झालं."

ती शेगडीकडून वळलीसुद्धा नाही. "तुज्यापायी? मोटा आला शाना! माजं घर, माजं ताट. त्यात काय वाढाचं ते मी ठरवनार, मुकादम न्हाय."

आता मी गावापासून आणखी लांब, सुरतेला लूमवर आहे. मावशी राहिली नाही, एवढं कळलं. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर पेरू कापतो. कोणी रोखून बघितलं तरी सुरी खाली ठेवत नाही.