केसांच्या दुकानात सापडलेली गायिका

अमेरिकेतल्या बेसेमर गावात ओर्डेसा टिलरीचं बायकांचे केस करायचं दुकान होतं. रविवारी चर्चला जायचं म्हणून शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. पण निम्म्या बायका केसांपेक्षा कोपऱ्यातल्या ग्रामोफोनसाठीच येत. ओर्डेसा बसने बर्मिंगहॅमला जाऊन दर आठवड्याला देवाच्या गाण्यांची एक तबकडी आणायची. गाणाऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नसावं, एवढीच तिची अट.

"आज कुठलं अनोळखी ध्यान आणलंस?" मिस लुटी नाक मुरडायची. "आपले जुने गाणारे काय मेले?"

"तेही कधीतरी नवेच होते की! मान हलवू नकोस, कंगवा तापलाय, कान भाजेल."

मग सुई टेकायची. बायकांच्या पायांनी ठेका धरला, तर तबकडी दुकानात राहायची. त्या गप्पाच मारत बसल्या, तर ती ओर्डेसाच्या भावाच्या घरी जायची.

अठ्ठावन्न सालच्या एका शनिवारी मिसिसिपीतल्या दोन भावांची तबकडी आली. बायकांनी ती पुन्हा पुन्हा लावायला लावली. नंतर ओर्डेसाने व्हर्नेलला केस वाळवायच्या यंत्राखाली बसवलं. व्हर्नेल शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची. नवरा खाणीत दगावल्यापासून ती कामापुरतंच बोलायची.

यंत्राच्या घरघरीत स्वतःचाच आवाज तिला ऐकू येईना. डोळे मिटून ती तेच गाणं म्हणू लागली, पण त्या भावांच्या सुरात नाही. ती आपला वेगळाच सूर लावत होती, खालचा, भरदार. मिस लुटीच्या पायानेसुद्धा ठेका धरला. ओर्डेसाच्या हातातला कंगवा हातातच राहिला.

व्हर्नेलने डोळे उघडले, तर सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. ती घाबरून म्हणाली, "काय झालं? केस जळाले का माझे?"

सोमवारी सकाळीच ओर्डेसा तिला हाताला धरून रेडिओ केंद्रावर घेऊन गेली. सकाळची गाणी लावणारे ब्रदर हॅस्क्यू वैतागले.

"सिस्टर टिलरी, हिच्या ग्रुपचं नाव काय?"

"ग्रुप नाही, ब्रदर. नुसता गळा आहे. ऐकून तर बघा!"

व्हर्नेल थेट रेडिओवर गायली. तिची पर्स ओर्डेसाने छातीशी घट्ट धरली होती. त्या आठवड्यात केंद्रावर एकवीस पत्रं आली. पुढे तीन वर्षं आजूबाजूच्या चर्चमधून व्हर्नेलला बोलावणी येत राहिली आणि ओर्डेसा दर वेळी पहिल्या बाकावर बसायची. मग व्हर्नेल बहिणीकडे डेट्रॉइटला गेली. काही वर्षं नाताळाला तिचं पत्र यायचं, नंतर तेही थांबलं. तिची तबकडी कुणी काढलीच नाही.

ओर्डेसा आता नव्वदीत आहे. पुतणीची लेक तिला फोनवर नवनवे गाणारे ऐकवते. एकदा तिने विचारलं, "आजी, व्हर्नेल कशी गायची गं?"

ओर्डेसाने गुणगुणून बघितलं आणि दुसऱ्याच ओळीला हसून थांबली. "छे! माझा सूर तेवढा खाली जातच नाही. तू दुसरं काहीतरी लाव. न ऐकलेलं."