एकाच खात्यातली एक्केचाळीस बिऱ्हाडं

दादाच्या एक्केचाळीस वेबसाइट एका गुरुवारी सकाळी बंद पडल्या, आणि ही बातमी त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून कळली. "अहो साइटवाले," त्या फोनवर म्हणाल्या, "आमच्या दवाखान्याच्या जागी नुसतं पांढरं पान दिसतंय. वर लिहिलंय, हे खातं स्थगित केलं आहे. म्हणजे काय?" दादा म्हणाला, "काही नाही, मी बघतो." गेली अठरा वर्षं तो सगळ्यांना हेच सांगत आला होता, आणि खरंच बघतही होता. फोन ठेवून त्यानं दुसरी साइट उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच पांढरं पान. माझा चहा हातातच राहिला.

मी त्याची धाकटी बहीण. शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी वहिनी गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून सकाळचा चहा मी दादाकडे घेते, कारण त्याला कोणीतरी बोलणारं हवं. बोलणारं म्हणजे रागावणारं. ते काम मला जमतं.

दादा आधी छापखान्यात होता, लोकांच्या कार्डांचे खिळे जुळवायचा. लोक कार्डं छापेनासे झाले तेव्हा वहिनीनंच त्याला वेबसाइटच्या कामाला लावलं. दवाखाना, चष्म्याचं दुकान, शिकवणी, कुलूपवाला, सायकलवाला, दोन शाळा अशी एकेक गिऱ्हाइकं येत गेली. साइट बनवायची तर ती ठेवायला कुठेतरी जागा लागते. ती जागा भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीकडे त्यांनी खातं उघडलं, आणि पुढे जे गिऱ्हाईक येईल त्याचं फोल्डर दादा त्याच खात्यात टाकत गेला. एक खोली भाड्यानं घ्यावी आणि तिच्यात एक्केचाळीस बिऱ्हाडं कोंबावी, तसलाच प्रकार. मधे ना भिंत, ना पडदा. वहिनी म्हणायची, "अहो, एकाला खोकला झाला तर सगळे खोकतील. वेगवेगळी खाती करा." दादा म्हणायचा, "एक खातं, एक पासवर्ड, एक कटकट." आणि बॅकअप? तोही त्याच खात्यात, 'जपून' नावाच्या फोल्डरमध्ये. हे मला त्या गुरुवारी कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

खोकला झाला तो सायकलवाल्याला. सायकलवाला जाऊन चार वर्षं झाली होती, दुकानही उठलं होतं. पण त्याचा मुलगा म्हणाला होता, "राहू द्या हो काका, बाबांचा फोटो आहे तिथं." दादानं राहू दिलं. दादा कुणाचंच काही काढायचा नाही. त्या साइटची डागडुजी मात्र कोणी केली नव्हती, तिथं पडलेल्या भोकातून कुणीतरी आत शिरलं आणि बाकीच्या चाळीसही घरांत घाण करून ठेवली. दवाखान्याच्या नावानं जगभर भलभलती पत्रं जायला लागली. कंपनीनं महिनाभर इशारे दिले, मग खात्याला टाळं ठोकलं.

इशारे दादाला मिळाले नाहीत, कारण खातं वहिनीच्या नावावर होतं. तेव्हा दादाचं साधं बँकेचं कार्डही नव्हतं, वहिनी नोकरीला होती. पुढे भाडं दादा भरायला लागला, नाव तिचंच राहिलं. इशारे तिच्या मेलवर गेले, आणि ती गेल्यापासून तिची मेल दादानं उघडली नव्हती. "दुसऱ्याची पत्रं कशाला वाचायची," म्हणाला. तिचा तो मेलचा पत्ताही त्याच खात्यात होता, म्हणजे तोही आता टाळ्याच्या आत. कंपनीनं जुना पासवर्ड रद्द करून नवा कुठे पाठवला असेल? तिथंच. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलेलं.

कंपनीच्या फोनवर एक नम्र आवाजाचा माणूस होता. तो म्हणाला, सात दिवसांत खातेदारानं स्वतः ओळख पटवली नाही तर खातं पुसलं जाईल, नियमच आहे. "खातेदार बाईंना फोन द्या ना, सर. दोन मिनिटांचं काम आहे."

इथं दादानं फक्त खरं बोलायचं होतं. तो बोलला नाही. त्यानं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तू बोल."

"मी काय बोलू?"

"ती म्हणून बोल. एवढं कर माझ्यासाठी."

आयुष्यभर वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरींना मी बाकावर उभं केलं, आणि मी फोन घेतला. दादाचा चेहराच तसा झाला होता. वहिनीची जन्मतारीख मला पाठ होती. पत्ता तर समोरच होता. तो माणूस म्हणाला, "छान. आता शेवटचा प्रश्न, मॅडम. खातं उघडताना तुम्हीच निवडलेला आहे. तुमच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीचं नाव काय? तीनदा सांगता येईल."

दादानं चिठ्ठीवर भराभर नाव लिहिलं. वहिनीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी, वीस वर्षं दोघी एकत्र जेवायच्या. मी वाचलं. "नाही, मॅडम." दादानं दुसरं लिहिलं, वहिनीच्या थोरल्या बहिणीचं. "नाही, मॅडम. आता एकदाच." दादाचं पेन थांबलं. ज्याला एक्केचाळीस गिऱ्हाइकांचे पासवर्ड झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यायचे, तो माणूस कागदाकडे बघत बसला.

मी कागदाची वाट बघितली नाही. मी माझं नाव सांगितलं. आधी घरातलं टोपणनाव सांगावं की काय, असाही विचार आला, पण वहिनी मला नावानंच हाक मारायची. चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना सगळं सांगत होतो. माझी खात्री होती.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "आता कागदपत्रंच पाठवावी लागतील."

मला काय वाटलं ते सांगते. आधी त्या माणसाचा राग आला, मग वहिनीचा. आणि घरी आल्यावर मी रडले.

दुसऱ्या दिवशी दादानं कपाटातून वहिनीचा मृत्यूचा दाखला काढला, वारसाचे कागद जोडले आणि आपल्या नव्या मेलवरून पाठवले. सोमवारी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की, आपण पाठवलेल्या दाखल्यानुसार खातेदाराचं निधन तीन वर्षांपूर्वी झालं आहे, परंतु आमच्या नोंदीनुसार त्या गेल्या गुरुवारी दुपारी आमच्याशी फोनवर बोलल्या आहेत. सबब प्रकरण चौकशीकडे सोपवलं आहे. चौकशीला दहा दिवस लागतात. पुसण्याची तारीख बदलत नाही.

दादानं सगळं खरं लिहून कळवलं, माझं नावसुद्धा. मी चिडले तर म्हणाला, "आता तरी लिहू दे." आपला संदेश मिळाला, एवढंच उत्तर आलं.

गुरुवारी सकाळी पांढऱ्या पानावरची ओळ बदलली. असं काही इथं नाही, अशी नवी ओळ आली. 'जपून'सकट सगळं गेलं होतं. दादा दिवसभर तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होता. मी त्याला जेवायला उठवलं, तो जेवला, परत जाऊन बसला.

मग तो एकेका गिऱ्हाइकाकडे स्वतः गेला. फोनवर सांगणं त्याला बरं वाटेना. डॉक्टरीणबाईंनी काम आधीच भाच्याला देऊन टाकलं होतं. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला उभ्यानंच बोलणी खाऊ घातली, ते एक बरं झालं. चष्मेवाला म्हणाला, "आमची वेबसाइट होती?" असं विचारणारे नऊजण निघाले. त्या नऊ साइटवर दादा दर महिन्याला वेळा आणि सुट्ट्या बदलत होता. सायकलवाल्याच्या मुलाकडे तो शेवटी गेला. तो फोटो मुलाकडे दुसरीकडे कुठे नव्हता. मुलगा दादाला दारापर्यंत सोडायला मात्र आला.

आता दादाकडे काम नाही. काल मी गेले तेव्हा तो टेबलासमोरच्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढत होता, गिऱ्हाइकागणिक एक. नखानं कडा सोडवायचा आणि डब्यात टाकायचा. मी चहा ठेवला. म्हटलं, "दादा, तिनं कुणाचं नाव दिलं असेल रे?" ते माझ्या मनातून जात नव्हतं.

"याच खुर्चीत बसून ती फॉर्म भरत होती," तो म्हणाला. "मी मागे उभा होतो, मला घाई. तिनं विचारलं, अहो, जवळच्या मैत्रिणीचं नाव विचारताहेत, कुणाचं टाकू? मी म्हटलं, काहीतरी टाक गं आणि पुढे जा, कोण विचारायला येतंय."

"मग?"

"मग तिनं बराच वेळ विचार केला," दादा म्हणाला. "आणि टाकलं. मी बघितलं नाही."