सात शाली

आमच्या कलामंडळाची मी अध्यक्ष होते, तेव्हा वार्षिक कार्यक्रमात कार्यकारिणीच्या सातही जणांचे सत्कार आधी उरकून घेऊ, असं मीच सुचवलं. मोठी शहाणी होते ना! काल त्याच सभागृहात नव्या कार्यकारिणीसाठी रंगमंचावर खुर्च्या मांडलेल्या पाहिल्या आणि हसू आलं, तेही कडूच. कलेसाठी जमलेली माणसं एकदा त्या खुर्च्यांवर बसली, की त्यांना कला दिसेनाशी होते. ती त्यांच्या पाठीमागे, पडद्याआड ताटकळत असते.

त्या दिवशी पडद्याआड भाजी विकणारी रखमा उभी होती. आमच्या वर्गात सहा महिने गाणं शिकून ती पहिल्यांदाच लोकांपुढे गाणार होती. आम्ही मात्र एकमेकांना शाली पांघरत आणि एकमेकांची भाषणं ऐकत बसलो. सगळ्यांत लांबलं ते माझं. सभागृहाची वेळ संपली आणि रखमाचं गाणं राहूनच गेलं.

"पुढच्या वर्षी नक्की हं," मी शाल सावरत म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या ताई. फकस्त भाईर येऊन माझ्या सासूला सांगा, मी खरंच गाणार हुते म्हणून. तिला वाटतंय, सा म्हैनं मी खोटं बोलून घरातनं भाईर पडत हुते."